मॅलेट फिंगर (बोटाचं टोक खाली पडणं): तीन आठवडे स्प्लिंट लावूनही शेवटचं पेर पडलेलंच आहे

नेट्सवाला
आमच्या क्लबचा यष्टिरक्षक, वय 19. उजव्या अनामिकेच्या टोकावर चेंडू लागला, त्याला तीन आठवडे झाले. नखाजवळचा सांधा साधारण 30 अंश वाकलेला राहतो. दुसऱ्या हाताने उचललं तर पेर पूर्ण सरळ होतं, सोडलं की पडतं. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नाही. प्लास्टिकची टोपीसारखी स्प्लिंट दिली आहे. आंघोळीच्या वेळी तो ती काढतो, बाकी दिवसभर असते. काहीच फरक नाही. आता ऑपरेशन लागेल का? की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं?

हस्तोपचार
पहिल्यापासूनच मोजायचं, आणि दोष आंघोळीचा आहे. नखाच्या मुळाशी बोट सरळ करणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जेमतेम एक मिलीमीटर जाडीचा, चपटा असतो. तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहिली तरच तो जुळतो. त्याची लांबी एक मिलीमीटरने वाढली तरी पेर जवळजवळ 25 अंश खाली राहतं. म्हणून स्प्लिंट काढून पेर एकदाच पडलं, तरी त्या दिवसापर्यंतची जुळणी ताणली जाते. इथे ते रोज घडलंय.

आजपासून सलग 8 आठवडे, रात्रंदिवस. तीन आठवड्यांचा उशीर झाला म्हणून घाबरू नका. दोन-तीन महिने जुन्या दुखापतीतही स्प्लिंटने सुधारणा होते.

आंघोळ स्प्लिंटसकट करायची, वरून प्लास्टिकची पिशवी आणि मनगटाला रबर. त्वचा पुसण्यासाठी स्प्लिंट काढावीच लागते, ती अशी: तळहात टेबलावर पालथा, बोट सपाट टेकलेलं. स्प्लिंट पुढे सरकवून काढा, टोक टेबलावरून उचलायचं नाही. खालची बाजू पुसताना त्याच हाताच्या अंगठ्याने पेराला खालून टेकू द्या. पहिले काही दिवस हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं, एकट्याने करताना पेर हमखास निसटतं. त्वचा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय स्प्लिंट परत चढवू नका. ओलसर राहिली की ती पांढरी, भुसभुशीत होते आणि मग पोरं कंटाळून स्प्लिंटच सोडून देतात.

आणखी एक बघा. सूज उतरली की टोपी सैल होते, आत पेर पाच-दहा अंश वाकलेलं राहतं आणि बाहेरून कळत नाही. बाजूने बघून खात्री करा. सैल असेल तर छोट्या मापाची घ्या, किंवा फोम लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अर्धा इंच मायक्रोपोरने (कागदी चिकटपट्टीने) बांधा. पट्टी मधल्या सांध्याच्या अलीकडेच संपली पाहिजे. तो सांधा मोकळा ठेवून दिवसातून अनेकदा वाकवायचा, नाहीतर चांगला सांधा आखडतो. पेर किंचित मागे झुकलेलं चालेल, पण सांध्यावरची त्वचा पांढरीफटक पडली तर झुकाव लगेच कमी करा. तिथला रक्तपुरवठा दबून कातडी मरू शकते.

अस्थिरोग_ओपीडी
वरच्या मताशी सहमत. फक्त एक्स-रे पुन्हा बघा. पूर्ण पंजाच्या फोटोत बोटं एकमेकांवर येतात आणि नेमका तुकडा झाकला जातो. त्या एका बोटाचा अचूक बाजूचा फोटो हवा. सांध्याच्या पृष्ठभागाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा तुकडा निघाला असेल, किंवा शेवटचं हाड तळव्याच्या बाजूला सरकलं असेल, तर हाताच्या सर्जनला दाखवा. तिथे तार घालायचा विचार होतो. तसं नसेल तर ऑपरेशनची घाई नको.

शिवाय पाहतानाच दोन गोष्टी तपासा. मधला सांधा धरून ठेवा आणि टोक वाकवायला सांगा. वाकलंच नाही तर तळव्याकडचा टेंडन तुटलेला असू शकतो. त्यात स्प्लिंटचा उपयोग नाही, आठ-दहा दिवसांत शिवावा लागतो, आणि ती इजाही अनामिकेलाच जास्त होते. दुसरी: मधला सांधा टेबलाच्या कडेवरून 90 अंश वाकवून, वरून दाब देत सरळ करायला सांगा. जोर लागत नसेल आणि टोक मात्र ताठ होत असेल, तर इजा मधल्या सांध्यावरच्या टेंडनला आहे. त्यात उलट मधला सांधा सरळ बांधायचा आणि टोक हलतं ठेवायचं.

नेट्सवाला
टोक वाकतं, मधला सांधाही जोराने सरळ होतो. 8 आठवड्यांनंतर लगेच ग्लोव्हज घालायला हरकत नाही ना?

हस्तोपचार
लगेच नको. पुढचे चार आठवडे रात्री आणि खेळताना स्प्लिंट ठेवा. दिवसा वाकवायला सुरुवात, पण पहिल्या आठवड्यात 20-25 अंशच, मग दर आठवड्याला दहाएक अंश वाढवा. दुसऱ्या हाताने दाबून वाकवायचं नाही. पेर पुन्हा 10 अंशांहून जास्त पडू लागलं तर दोन आठवडे परत पूर्ण वेळ स्प्लिंट. 5-10 अंशांची तूट आणि सांध्यावर छोटा उंचवटा कायम राहू शकतो. त्याने पकड बिघडत नाही. मधला सांधा मागे झुकून बोट हंसाच्या मानेसारखं दिसायला लागलं, तर मात्र थांबू नका, दाखवा.

अस्थिरोग_ओपीडी
क्लबमध्ये लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा नियम. वाढ सुरू असलेल्या मुलाचं पेर असं पडलं, आणि नखाच्या मुळाशी रक्त असेल किंवा नख कातडीबाहेर आलं असेल, तर ते वाढीच्या पट्टीचं (हाड जिथून वाढतं त्या मऊ भागाचं) उघडं, म्हणजे जखमेतून बाहेर खुलं, फ्रॅक्चर समजायचं. घरी पट्टी बांधू नका. त्याच दिवशी जखम धुऊन घ्यावी लागते, नाहीतर हाडात जंतुसंसर्ग होतो.