मिंटवर एनव्हिडिया कार्ड झोपतच नाही, फॅन दिवसभर भणभणून राहिला

पऱ्हाटी_कट
नमस्कार राजेहो. मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या अलीकडे एका खेड्यात राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सगळं केडेनलाईव्हवर. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, आय-५ ९३००एच, १६ जीबी रॅम, आतलं इंटेल ग्राफिक्स आणि वरून एनव्हिडिया जीटीएक्स १६५०. मागच्या महिन्यात लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच पण फुकटातली ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, रेंडर झकास होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

त्रास असा हाय की मी काहीच नाही केलं, नुसतं फोल्डर उघडून बसलो तरी फॅन फुल. सेन्सर्स कमांड रिकाम्या मशीनवर सीपीयू ८० दाखवते, कीबोर्डच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं तर चटका बसते. आमची खोली टिनाची, बाहेर ४५, लाईन गेली की कूलर बंद आणि बॅटरी ५० मिनिटात खल्लास. लग्नसराई सुरू हाय, चार घरचे लोक फोन करून राहिले की भाऊ आमची कॅसेट कधी (पेनड्राईव्हच देतो पण लोक अजून कॅसेटच म्हणतात).

प्राइमचं ॲपलेट (कोणतं ग्राफिक्स वापरायचं ते ठरवणारं) ऑन-डिमांडवर हाय, म्हणजे गरज पडली तरच एनव्हिडिया. फॅनचा स्पीड लावायची पीडब्ल्यूएमकॉन्फिग कमांड चालवली तर म्हणते की फॅन चालवता येईल असा सेन्सर मॉड्यूलच नाही. दोन गोष्टी सांगा, काम नसताना हे कार्ड बंद कसं ठेवू, आणि फॅन आपल्या हातात कसा घेऊ?

टर्मिनल_वरोरा
भाऊ, पहिले फॅन सोडून द्या. फॅन वाजून राहिला कारण आत काहीतरी तापून राहिलं, ते कोण ते आधी पाहू. तीन गोष्टी सांगा.

एक, सिस-बस-पीसीआय-डिव्हायसेस मधे तुमच्या कार्डाचं फोल्डर असते, बहुतेक ०१:००.० नावाचं, त्याच्या पॉवर फोल्डरमधली रनटाईम_स्टेटस फाईल कॅट करा (म्हणजे टर्मिनलमधे वाचा), ॲक्टिव्ह म्हणते की सस्पेंडेड. यासाठी एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) चालवू नका, तिनं विचारल्याबरोबर झोपलेलं कार्ड जागं होते आणि मंग माणसाले वाटते की ते जागंच होतं. दोन, प्रॉक-ड्रायव्हर-एनव्हिडिया-जीपीयूज मधे त्याच नंबरच्या फोल्डरात पॉवर नावाची फाईल आहे, त्यात रनटाईम डी३ (चालू मशीनमधे कार्डाची वीज तोडायची सोय) स्टेटस काय लिहिलं? तीन, एचडीएमआयला काही लावलं आहे का?

पऱ्हाटी_कट
रनटाईम_स्टेटस ॲक्टिव्ह. दुसऱ्या फाईलमधे "डिसेबल्ड बाय डिफॉल्ट". आणि हो, एचडीएमआयला २२ इंची मॉनिटर कायमच लावलेला असते, टाइमलाईन त्याच्यावर पसरवतो. त्याचा काय संबंध?

टर्मिनल_वरोरा
सगळा संबंध तिथंच आहे. नीट सांगतो, थोडं लांबेल.

या दोन-ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपमधे स्क्रीन इंटेलला जोडलेली असते, एनव्हिडिया मागं बसून चित्र काढते आणि तयार चित्र इंटेलच्या मेमरीत आणून टाकते, मग इंटेल ते दाखवते. म्हणून काम नसलं तर एनव्हिडियाची वीज पूर्ण तोडता येते. पण बऱ्याच मॉडेलमधे एचडीएमआयचा पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो, बोर्डावरच तशी वायरिंग असते, सॉफ्टवेअरनं बदलत नाही. मॉनिटर लावला की कार्ड जागं राहणारच, मिंट असो की काही असो. मॉनिटर काढून रनटाईम_स्टेटस पहा, पण तुमच्या केसमधे नुसतं काढूनही झोपणार नाही, त्याचं कारण दुसऱ्या फाईलनं सांगितलं.

१६५० हे ट्युरिंग पिढीचं कार्ड. ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांना चालू मशीनमधे आपोआप वीज तोडणं जमते, सोबतचा इंटेल प्रोसेसर कॉफी लेक पिढीचा किंवा नंतरचा पाहिजे, तुमचा ९३००एच त्यात बसते. पण ड्रायव्हरची डिफॉल्ट सेटिंग अशी आहे की ॲम्पिअर (ट्युरिंगच्या पुढची पिढी) आणि नंतरच्या लॅपटॉपवर ती हे चालू करते, ट्युरिंगवर बंद ठेवते. हाताने चालू करावं लागते. ईटीसीमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरात एक कॉन्फ फाईल बनवा, त्यात एकच ओळ, ऑप्शन्स एनव्हिडिया, मग एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट, बरोबरचं चिन्ह, आणि शून्य एक्स शून्य दोन. अर्थात स्पेलिंग इंग्रजीत, कॅपिटल-स्मॉल सांभाळून, तिथं एक अक्षर चुकलं तर एरर न देता चुपचाप काहीच होत नाही. मग अपडेट-इनिटरॅमएफएस कमांड (नवी सेटिंग बूटच्या वेळी लागावी म्हणून) चालवून रिबूट.

कार्डाचं एक ऑडिओचं पिल्लू पण असते, ०१:००.१, एचडीएमआयच्या आवाजासाठी. त्याच्या पॉवर फोल्डरातल्या कंट्रोल फाईलमधे "ऑन" असलं तर ते एकटं अख्ख्या कार्डाले जागं ठेवते. दोन्हींच्या कंट्रोलमधे "ऑटो" पाहिजे, कायमचं करायला युडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की आपोआप सेटिंग लावणाऱ्या सोयीचा) नियम लिहा.

आणि ऑन-डिमांडच राहू द्या. रेंडरचं एनव्हेंक (कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) त्या मोडमधे सरळ चालते, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. ब्लेंडरसारखं काही एनव्हिडियावर उघडायचं तर मेनूत राईट क्लिक करून तसा पर्याय येते. पूर्ण इंटेल मोड केला तर तुमचा एचडीएमआय मेला समजा, म्हणून तो मोड तुमच्यासाठी नाही.

जुना_बम्बलबी
वरोऱ्याचे भाऊ बरोबर सांगतात. आम्ही २०१२ च्या आसपास हेच काम बम्बलबी आणि बीबीस्विच या वेगळ्या टाकायच्या प्रोग्रामांनी करायचो, प्रत्येक प्रोग्रामच्या आधी ऑप्टिरन लिहायचं, कर्नल अपडेट झालं की सगळं पुन्हा मांडायचं. २०१९ मधे ४३५ नंबरच्या ड्रायव्हरपासून हे ऑफलोडचं (चित्र काढणं एनव्हिडियावर ढकलायचं) काम ड्रायव्हरच करते. नेटवर अजून जुन्या पोस्टी वर येतात, त्या पाहून बम्बलबी टाकू नका, नवीन ड्रायव्हरशी त्याची गाठ घालून मशीन काळ्या स्क्रीनवर अडकवून घ्याल.

सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर आणखी एक. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारते आणि रिबूटला निळी स्क्रीन येते, तिथं एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यावा लागते. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते. आपण तेवढ्यात चहा आणायला गेलो तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि आपल्याला वाटते कार्ड खराब झालं.

रिपेअर_घाटंजी
सॉफ्टवेअर झालं, आता माझं ऐका, मी रोज हेच उघडून पाहतो. भाऊ, तुमच्या गावाजवळ जिनिंग आहे का? किंवा घरात कापूस भरून ठेवता का?

आपल्या भागात लॅपटॉप उघडला की धूळ कमी आणि रुई जास्त निघते. पंखा हवा खालून ओढते, त्या हवेसोबत तंतू येतात, पंख्याच्या पात्यातून पार होतात आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) बारीक पत्र्यांवर जाऊन अडकतात. रोज एक थर. दोन हंगामात तिथं नमद्यासारखी पट्टी तयार होते, बोटानं दाबली तर दबते अशी. पंखा कितीही जोरात फिरवा, त्या पट्टीतून हवा जातच नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आणखी दाबून बसते, लोक हीच चूक करतात.

मागचं झाकण खोला, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचला आणि चिमट्यानं ती पट्टी एका कडेनं पकडून ओढा, सबंध निघून येते. हवा मारायची तर पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं तर जास्त स्पीडनं फिरून बेअरिंग खराब होते. सेकंडहँड आहे म्हणता तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट पण वाळून खडू झाली असेल, बदलून घ्या.

कूलरच्या समोर ठेवता का? ताट्यांतून येणारी ओली हवा थेट लॅपटॉपवर घेऊ नका, ओलाव्यानं रुई आणखी चिकटते. बाजूला, कोरड्या हवेत.

ईसी_मूर्तिजापूर
फॅन हातात घ्यायचं राहिलं म्हणून लिहितो. पीडब्ल्यूएमकॉन्फिगला काही सापडलं नाही हे लॅपटॉपवर नेहमीचंच आहे. पंखा एम्बेडेड कंट्रोलर नावाची वेगळी चिप चालवते आणि बहुतेक कंपन्या तिचे रजिस्टर (आत आकडे लिहायच्या जागा) सांगत नाहीत. थिंकपॅडला कर्नलमधेच सोय आहे, थिंकपॅड_एसीपीआय मॉड्यूलला फॅन_कंट्रोल=१ दिलं की झालं. बाकीच्यांसाठी एनबीएफसी-लिनक्स आहे, त्यात मॉडेलवार फाईली आहेत.

कृपा करून दुसऱ्या मॉडेलची फाईल "जवळपास सारखीच आहे" म्हणून लावू नका. ती चिप फक्त पंखा नाही चालवत, चार्जिंग, कीबोर्ड सगळं तिच्याकडे असते, चुकीच्या रजिस्टरमधे आकडा लिहिला तर काय होईल ते सांगता येत नाही. आधी एनबीएफसीलाच फाईल रिकमेंड करायला सांगा, तुमचंच मॉडेल आलं तर रीड-ओन्लीमधे चालवून पहा की आरपीएम बरोबर वाचते का, मगच लिहू द्या. मॉडेल आलं नाही तर सोडून द्या.

माझ्या मते तुम्हाला पंखा जोरात करायची गरजच नाही, उष्णता कमी करा. प्रोसेसरचा स्पीड ठरवणाऱ्या इंटेल_पीस्टेटच्या फोल्डरात नो_टर्बो फाईल आहे, त्यात १ लिहा. ९३००एच टर्बोत (काम वाढलं की आपोआप वाढणाऱ्या स्पीडमधे) ४.१ पर्यंत जाते, बंद केलं की २.४ गिगाहर्ट्झवर राहते. रेंडर जर कार्डावर आहे तर वेळ थोडाच वाढते. मे महिन्यात मी दिवसा असंच ठेवतो, रात्री ० करतो.

पऱ्हाटी_कट
राजेहो, उशीर झाला सांगाले, काल अख्खा दिवस लाईन नव्हती.

जिनिंग आमच्या घरापासून अर्धा किलोमीटर हाय आणि मागच्या वर्षी याच खोलीत चार महिने कापूस भरून होता. भावाच्या मदतीनं झाकण खोललं. खरंच सांगतो, अंगठ्याएवढी जाड पट्टी निघाली, पांढरी नाही, मळकट, आणि तिच्यात सरकीचं टरफल अडकलेलं. आईनं हातात घेऊन पाहिली, म्हणे ही तर आपल्याच वावरातली. पेस्ट पण बदलली, तालुक्याहून आणली.

मंग ती एक ओळ टाकली, पहिल्या वेळी पॉवरमधला पी स्मॉल टाकला होता म्हणून काहीच झालं नाही, दुसऱ्यांदा बरोबर झालं. आता पॉवर फाईल "एनेबल्ड, फाईन-ग्रेन्ड" म्हणते. ऑडिओचं ०१:००.१ खरंच "ऑन" वर होतं, ते ऑटो केलं. मॉनिटर काढला की थोड्याच वेळात सस्पेंडेड.

दुपारी २ वाजता, खोलीत ४१, नुसती मशीन चालू, सीपीयू ५६. बॅटरी काल २ तास १० मिनिट गेली. एनबीएफसीत माझं मॉडेल नाही निघालं म्हणून हात नाही लावला. मॉनिटर आता फक्त रंग जुळवताना लावतो.

आज रात्री एका लग्नाचं तीन तासांचं रेंडर लावतो, टर्बो बंद करून. टेम्परेचर किती गेलं ते सकाळी टाकतो.