कुंभार्ली घाटात गाडी तापून दम सोडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मोटरसायकल १५० सीसी, एअर-कूल्ड, कार्बोरेटरवाली, २०११ची, ७४ हजार किलोमीटर पळालेली. मी कऱ्हाडात नोकरीला, घर चिपळूणला. शनिवारी घाट उतरतो, रविवारी दुपारी जेवून परत चढतो. मागे बहुतेक वेळा बायको आणि तिच्या मांडीवर आईनं दिलेली पिशवी, म्हणजे ओझं असतंच.

उतरताना काही त्रास नाही. चढताना पोफळी मागे पडली, तिसऱ्या गिअरला पाच-सहा वळणं झाली की डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून यायला लागतो. मग पिकअप जातो. गेल्या रविवारी तर वळणावरच बंद पडली. किक मारली तर अगदी हलकी लागली, कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) नाही अशी. वीस मिनिटं झाडाखाली बसलो, नंतर एका किकमध्ये चालू! एका ट्रकवाल्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली होती, "ओता इंजिनावर" म्हणून. मी नको म्हटलं. बरोबर केलं ना?

दिवाळीआधी बोअर-पिस्टन नवा टाकला, वॉल्व्ह घासून बसवले. त्यानंतर ११०० किलोमीटर झाले. ऑईल २० डब्ल्यू ५० घातलंय, लेव्हल बरोबर आहे. प्लग काढून बघितला तर खडूसारखा पांढरा. घाट चढून वर थांबलो की अॅक्सिलेटर सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, तरंगत राहतो. पण ते केबलमुळे असेल.

मेकॅनिक म्हणतो, एअर-कूल्ड आहे, तापणारच. चार हजारांत ऑईल कूलर बसवून देतो. बसवू का?

विदर्भातला
आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत अशाच गाड्या दिवसभर पळतात, बंद पडत नाहीत. त्यामुळे "तापणारच" हे काही मला पटत नाही. एक सांगा, पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला रेक्झिन बांधतात, ते तुमच्याकडे अजून आहे का? आणि फिन्सना, म्हणजे इंजिनावरच्या गार करणाऱ्या पात्यांना, रंग दिलाय का?

धागाकर्ता
रेक्झिन आहे, तेही दोन्ही बाजूंना. काढायचं राहूनच गेलं. 😐 रंगही दिलाय, इंजिन काम झाल्यावर मेकॅनिकनं स्प्रेनं काळा करून दिला.

विदर्भातला
रेक्झिन आजच काढा. एअर-कूल्डला पंखाही नाही आणि पाणीही नाही, समोरून येणारा वारा एवढाच त्याचा आधार, आणि तो तुम्ही पडदा लावून अडवलाय. घाटात वेग २५-३०, म्हणजे वारा आधीच कमी. रंगाचा पातळ हात असेल तर राहू द्या, थर जाड असेल तर खरवडा. फिन्समधला वाळलेला चिखलही ब्रशनं काढा, इंजिन गार असताना.

जुना फिटर
रेक्झिन काढाच, पण ते मूळ दुखणं नाही. पांढरा प्लग, खड्यांचा आवाज, तरंगणारा आरपीएम हे तिन्ही एकच सांगताहेत: गाडी लीन चालतेय, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. केबलला दोष देऊ नका. कार्बोरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग, जिथे वॉल्व्ह असतात) यांच्या मधलं रबर बघा. चौदा वर्षांत ते कडक होऊन तडकतं. गाडी आयडलला ठेवून त्या रबरावर डब्ल्यूडी-४० मारा; आरपीएम हलला तर हवा तिथूनच शिरतेय.

हलक्या किकचं कारण वेगळं. नव्यानं घासलेले वॉल्व्ह काही दिवसांत सीटवर खाली बसतात आणि टॅपेटचा गॅप (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट) कमी होतो. त्यात इंजिन तापलं की एक्झॉस्ट वॉल्व्ह पुरता मिटत नाही, म्हणून कॉम्प्रेशन जातं. गार झाल्यावर गॅप परत येतो, म्हणून एका किकमध्ये चालू. असंच चालवत राहिलात तर वॉल्व्ह जळेल. इंजिन रात्रभर गार ठेवून सकाळी फीलर गेजनं (फट मोजायची पातळ पाती) मॅन्युअलप्रमाणे गॅप लावून घ्या. "आवाज येतोय" म्हणून कुणी टॅपेट आवळायला निघालं तर आवळू देऊ नका. थोडी टिकटिक असलेली बरी.

पाणी ओतलं नाहीत ते उत्तम. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की हेड वाकू शकतं, तडकूही शकतं.

आणि तिसऱ्यात कण्हत चढवू नका. दुसरा टाका, आरपीएम वर राहू द्या. कमी आरपीएमला पूर्ण अॅक्सिलेटर दिलात की खडखड येणारच. कूलरचे पैसे ठेवा खिशात.

धागाकर्ता
दादा, रबर तडकलेलंच निघालं! वरून नीट दिसत होतं, काढल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी भेग. नवीन टाकलं. एक्झॉस्टच्या गॅपमध्ये तर सगळ्यात पातळ पातंही जात नव्हतं, तोही लावून घेतला. काल दोघं आणि पिशवी घेऊन दुसऱ्या गिअरवर घाट चढलो. घाटमाथ्यावर चहा प्यायला थांबलो ते हौसेनं, नाइलाजानं नाही. आरपीएम लगेच खाली येतो.

पण प्लग अजून थोडा फिकटच आहे. हवा तसा बिस्किटी रंग आलेला नाही.

जुना फिटर
त्यात पेट्रोलचाही वाटा असेल. एक किलो नुसतं पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, आणि तुमचा कार्बोरेटर जुन्या पेट्रोलच्या हिशोबानं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) लावलेला. त्याला हा फरक कळत नाही, म्हणून मिश्रण थोडं लीनच पडतं. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा, आताचा जपून ठेवा. घाट चढून वर आल्या आल्या क्लच दाबून गाडी बंद करा, गार झाल्यावर प्लग काढा. आयडलला चालवून काढलेल्या प्लगवरून मेन जेटचं काही कळत नाही.

धागाकर्ता
जेट आणलाय. या रविवारी चढताना तपासतो आणि प्लगचा फोटो टाकतो.