मदत हवी आहे: कूबर पीडीत आहोत, कॅरॅव्हॅनचा फ्रिज थंड करेना आणि वादळाचा इशारा आलाय, उद्या उलुरूला निघावं का?

मंडळी नमस्कार, जरा घाईत लिहितेय, नेट कधी जाईल सांगता येत नाही. आम्ही मेलबर्नहून निघून मिल्ड्युरा, पोर्ट ऑगस्टा करत स्टुअर्ट हायवेने वर आलोय आणि आत्ता साउथ ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीच्या कॅरॅव्हॅन पार्कात आहोत. मी, नवरा, मुलगी आणि चंद्रपूरहून आलेले सासू-सासरे. जानेवारीत आउटबॅकला कोण जातं हे कृपया आता कोणी सांगू नका, मुलीला मोठी सुट्टी तेव्हाच असते आणि आई-बाबांचा व्हिसा फेब्रुवारीत संपतो.

गाडी पजेरो डिझेल, मागे १८ फुटी पॉप-टॉप कॅरॅव्हॅन (छप्पर वर उचलता येणारी), सेकंडहँड घेतलेली. आज इथे ४४ आहे. बाबांचं म्हणणं, "हे काय ऊन आहे का, मे महिन्यात चंद्रपूरले येऊन पाहा." खिशात कांदा घालून फिरताहेत. शेजारच्या ऑसी आजोबांनी विचारलं हे काय, तर बाबांनी त्यांनाही एक कांदा दिला, आता दोघं कांदे घेऊन सावलीत बसलेत. कांदे तरी राहिले आमच्याकडे, मिरच्या, टोमॅटो आणि लिंबं राज्याच्या सीमेजवळच्या यांबाच्या चेकपोस्टवर फ्रूट फ्लायच्या (फळमाशीच्या) नियमात टाकून द्यावी लागली, आईंचा जीव नुसता तुटला.

तर मुद्दा. फ्रिज थ्री-वे आहे, म्हणजे गॅस, १२ व्होल्ट आणि २४० व्होल्ट अशा तिन्हीवर चालतो. पोर्ट ऑगस्टापर्यंत बरा होता. आज दुपारी आत थर्मामीटर ठेवला तर १६ दाखवतोय, पार्कातल्या २४० वर लावलेला असून. दूध नासलं ते जाऊ दे, पण त्यात आईंचं इन्सुलिन आहे, न उघडलेली पेनं आणि एक वापरातलं. ते खराब झालं असेल का आणि पुढे कसं न्यायचं हा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे हवामान. दुपारपासून पश्चिमेला ढग चढताहेत, वारा उलटसुलट, जमिनीवरची लाल माती उडून सगळीकडे, दातात कचकच. हवामान ब्युरोच्या ॲपवर तीव्र वादळाचा इशारा दिसतोय. काल ग्लेंडॅम्बो सोडल्यावर आडवा वारा होता आणि एक रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) समोरून गेली तेव्हा मागची कॅरॅव्हॅन शेपटी हलवल्यासारखी डावी-उजवीकडे झाली, नवऱ्याने सांभाळलं पण हात थरथरत होते त्याचे. उद्या पहाटे चारला निघून सरळ युलाराला (उलुरूजवळचं रिसॉर्ट गाव) मुक्काम असा प्लॅन आहे, मॅपवर ७३५ किलोमीटर दिसतं. बुकिंग भरलेलं आहे आणि पैसे परत मिळणार नाहीत. बाबा आणि नवरा म्हणताहेत निघू, मी आणि आई नाही म्हणतोय, मुलीला स्विमिंग पूल पाहिजे.

पाऊस आलाच तर रस्त्यावर ते फ्लडवेचे, म्हणजे पावसात रस्त्यावरून पाणी वाहतं त्या जागांचे, बोर्ड आहेत तिथे काय करायचं, आणि रात्री वादळ आलं तर कॅरॅव्हॅनमध्ये झोपणं ठीक आहे का? कुणी या रस्त्याने उन्हाळ्यात गेलेलं असेल तर प्लीज सांगा.

गोळीवाली_ब्रिस्बेन

आधी इन्सुलिनचं. मी फार्मसीत काम करते. वापरातलं पेन तसंही फ्रिजबाहेरच ठेवतात, साधारण महिनाभर चालतं, पण २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली, नेमका आकडा आणि मुदत त्याच्या कागदावर असते. न उघडलेली पेनं २ ते ८ मध्ये हवीत. काही तास १६ ला राहिली म्हणून लगेच फेकू नका, पण आजची तारीख त्यांच्यावर लिहा आणि बाहेर काढलेली समजून तीच आधी वापरा. खरं संकट १६ नाही, ४४ आहे. बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलं तर संपलं.

आणि उलटी गडबडही करू नका, घाबरून बर्फात खुपसतात लोक. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरायचं नसतं, फेकायचंच. एस्कीत (बर्फाच्या पेटीत) बर्फ, वर टॉवेलची जाड घडी, त्यावर डब्यात पेनं. पाण्यात भिजवून वापरायची इन्सुलिनची पिशवी मिळते, ती कोरड्या हवेत मस्त चालते, आपल्या माठाचंच तत्त्व आहे. ती नसेल तर ओला रुमाल गुंडाळून वाऱ्याला ठेवा. नेहमी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा गुठळ्या दिसल्या तर वापरू नका. शुगर जास्त वेळा तपासा, कारण उन्हात इन्सुलिन लवकर अंगात उतरतं आणि साखर पडू शकते, स्ट्रिप्सही तापल्या की चुकीचं दाखवतात. शंका असेल तर कूबर पीडीत हॉस्पिटल आहे, आत्ताच जाऊन दाखवा, पुढे ॲलिस स्प्रिंग्जशिवाय मोठं काही नाही.

नागपुरी_तडका

बाबांना माझा नमस्कार सांगा, कांदा ग्रेट. पण काकांना हेही सांगा की चंद्रपुरात ४७ असलं तरी शंभर पावलांवर कुणाचं तरी घर, मठ्ठा, कूलर असतो. तिथे गाडी बंद पडली तर शंभर किलोमीटरवर पण माणूस नाही. ऊन सारखंच, मदत सारखी नाही.

डिझेल_दादा

ताई, फ्रिज बिघडलेला नसण्याची शक्यता जास्त आहे. थ्री-वे मध्ये कॉम्प्रेसर नसतो, गरम करून अमोनिया फिरवतात आणि मागच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकतात, त्यामुळे बाहेरची हवाच तापली असेल तर तो टाकणार कुठे? दाराच्या आत स्टिकर असेल त्यावर क्लायमेट क्लास बघा. एन असेल तर तो ३२ डिग्रीपर्यंतचा, एसटी ३८ आणि टी असेल तर ४३ पर्यंत. आज तुमच्याकडे ४४, आणि जाळीच्या मागे त्याहून जास्त.

आता करायचं काय, तर कॅरॅव्हॅनच्या ज्या बाजूला फ्रिजच्या जाळ्या आहेत ती बाजू पश्चिमेकडे असेल तर गाडी फिरवून लावा. फिरवता येत नसेल तर जाळीपासून हातभर लांब शेडक्लॉथ टांगा, जाळी झाकू नका. जाळीमागे छोटा १२ व्होल्टचा पंखा बसवला तर खूप फरक पडतो, कॉम्प्युटरचा पंखासुद्धा चालतो. कॅरॅव्हॅन लेव्हलमध्ये आहे का बघा, तिरकी असेल तर हे फ्रिज रुसतात. कोमट पाण्याच्या बाटल्या आत भरू नका, एक कॅन जरी गरम ठेवला तरी त्याला तास दोन तास झगडावं लागतं. गाडी चालू असताना तो १२ व्होल्टवर फक्त आहे ती थंडी टिकवतो, नव्याने थंड करत नाही, आणि पेट्रोल पंपावर गॅसची ज्योत पेटलेली नको. पुढेमागे कॉम्प्रेसरवाला छोटा पोर्टेबल घ्या आणि औषधं त्यात, थ्री-वे ला भाज्यांसाठी ठेवा.

कॅरॅव्हॅन हलते त्याबद्दल. टो बॉलवर (कॅरॅव्हॅन जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर) वजन किती येतंय मोजलंय का? एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लागतं. मागे सायकली, डबे, पाण्याचे कॅन लादले असतील तर ते आधी पुढे, एक्सलजवळ आणि खाली आणा. हलायला लागली की ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सरळ करायला जाऊ नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरवरून हाताने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा. रोड ट्रेन ५३ मीटरपर्यंत लांब असते, ती हवा ढकलते आणि मग ओढते, त्यामुळे आधीच थोडं डावीकडे सरकून वेग स्थिर ठेवायचा. यूएचएफ रेडिओ असेल तर ४० नंबरच्या चॅनलवर ट्रकवाले असतात, मागून येत असेल तर बोला, भली माणसं आहेत. एन.टी. (नॉर्दर्न टेरिटरी) मध्ये १३० च्या वेगाची पाटी दिसेल, ती तुमच्यासाठी नाही, ८५-९० बास.

मूळ धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद! स्टिकर बघितला, एसटी आहे. जाळ्या बरोब्बर पश्चिमेला होत्या, फिरवून लावली आणि नवऱ्याने मुलीचा बॅटरीवरचा पंखा जाळीपाशी बांधलाय. हॉस्पिटलात जाऊन आलो, तिथल्या नर्सने अगदी हेच सांगितलं आणि बर्फाचे पॅक पण दिले. मागच्या बूटमध्ये बाबांनी ॲडव्हेंचर म्हणून दगड गोळा करून ठेवले होते, ओपल निघेल म्हणून, ते उतरवले. आता ढग खूपच काळे झालेत, निघायचं का ते सांगा ना कुणीतरी.

ॲलिसकर

मी ॲलिस स्प्रिंग्जला राहतो, हा रस्ता कामासाठी कायमचा आहे. उद्या पहाटे चारला निघू नका. अंधारात कांगारू आणि गुरं रस्त्यावर असतात, मागे दोन टन ओढत असताना ब्रेक लागत नाहीत. उजाडल्यावर अर्ध्या तासाने निघा. आणि ७३५ किलोमीटर कॅरॅव्हॅन घेऊन एका दिवसात करणारे करतात, पण ४४ मध्ये म्हातारी माणसं घेऊन नको. कूबर पीडी ते मार्ला साधारण २३५, तिथे पेट्रोल पंप, पार्क सगळं आहे, मार्ला ते एर्लडुंडा अडीचशेच्या वर, तिथून उलुरूकडे वळायचं आणि आणखी अडीचशेच्या आत-बाहेर. मार्ला किंवा एर्लडुंडाला मुक्काम करा. पजेरोची टाकी ८८ लिटर, समोरून वारा असेल तर ओढताना शंभराला १८-२० लिटर पण जातं, म्हणजे मार्लाला भरायचीच, पुढच्या पंपावर बघू असं नाही. बॉर्डर ओलांडली की घड्याळ एक तास मागे, एन.टी. त उन्हाळी वेळ नसते, त्यामुळे हातात एक तास जास्त येतो.

आता पावसाचं. इथलं वादळ आधी धूळ आणि वारा घेऊन येतं, मग विजा, पाऊस कधी पडतो कधी हवेतच सुकतो. पण पडला तर ही जमीन पाणी पीत नाही. २०२२ च्या जानेवारीत ग्लेंडॅम्बो आणि कूबर पीडीच्या मधे हायवे पाण्याखाली गेला, आठवड्याहून जास्त बंद, कूबर पीडीला हवाई दलाच्या विमानाने सामान आणावं लागलं आणि तिकडे डार्विनच्या दुकानात फळ्या रिकाम्या. दर वर्षी असं होत नाही, पण हायवे आहे म्हणजे उघडा असणारच असं धरून चालू नका. फ्लडवेत पाणी वाहत असेल तर थांबायचं, पाणी किती खोल ते दाखवणारा खांब अर्धा मीटरच दाखवत असला तरी खालचा रस्ता वाहून गेलाय की नाही ते खांब सांगत नाही. कॅरॅव्हॅन म्हणजे आत हवा भरलेलं मोठं खोकं, ती तरंगते आणि गाडीला घेऊन जाते. थांबायचं तेही डांबरावर, जिथे मागून येणाऱ्याला दिसाल तिथे, बाजूच्या लाल मातीवर उतरलात तर चाक गेलंच. कोरड्या नाल्यात मुक्काम नाही, पाऊस पडतो दुसरीकडे आणि पाणी येतं तुमच्याकडे.

आज रात्रीसाठी: ऑनिंग (बाहेरचं कापडी छत) आत्ता गुंडाळा, वारा सुटल्यावर नाही. पॉप-टॉपचं छप्पर खाली घ्या, उकडेल पण कापडाच्या भिंती वाऱ्यात फाटतात. कॅरॅव्हॅन गाडीला जोडलेलीच ठेवा, कॅरॅव्हॅनचे आधाराचे पाय खाली टेकवा, विजा जवळ आल्या की २४० ची वायर काढा. आई-बाबांसाठी आज एखादी जमिनीखालची खोली मिळते का बघा, तिथली डगआउट हॉटेलं उगाच प्रसिद्ध नाहीत, वर ४४ असताना आत पंचविशीच्या आसपास असतं, एसीशिवाय.

पर्थची_भटकी

मी थोडी वेगळी बोलते. थांबणं बरोबर, पण बुकिंग गेलं म्हणून ट्रिप सोडू नका. उलुरूवर पाऊस पडला की त्या लाल दगडावरून धबधबे कोसळतात, ते फार कमी लोकांना बघायला मिळतं. फक्त चालण्याचं वेळापत्रक आधीच बदला, ३६ च्या वर अंदाज असेल तर उलुरूजवळच्या काता त्जुता डोंगरांतल्या व्हॅली ऑफ द विंड्स या पायवाटेचा मोठा भाग अकरा वाजता बंद करतात, उलुरूच्या पायथ्याची फेरी पण सकाळी अकराच्या आत संपवा म्हणतात. पार्कचा पास तीन दिवसांचा असतो, घाई नाही. युलाराला फोन करून सरळ सांगा की वादळामुळे रस्त्यात आहोत, तारीख पुढे सरकवतात की नाही ते बोलल्याशिवाय कळणार नाही.

मूळ धागाकर्ती

अपडेट देते. आई-बाबा आणि मुलगी जमिनीखालच्या खोलीत, बाबा म्हणतात असं घर चंद्रपूरला बांधलं पाहिजे, कोळसा तर खोदलेलाच आहे. रात्री दहाच्या सुमारास वारा इतका सुटला की शेजारच्या एकाचं ऑनिंग उखडून छपरावर गेलं, आम्ही दोघं पजेरोत बसून होतो. पाऊस दहा मिनिटं, पण पार्कात घोट्याएवढं पाणी. सकाळी साउथ ऑस्ट्रेलियाचा रस्त्यांचा रिपोर्ट बघितला, ऊडनादत्ताकडचे कच्चे रस्ते बंद, हायवे उघडा आहे. युलारावाल्यांनी तारीख पुढे दिली, थोडे जास्तीचे पैसे घेऊन. फ्रिज सकाळी ७ वर आहे! आज इथेच, उद्या मार्ला.

एकच राहिलं. नवरा टायरची हवा बघत होता तर कॅरॅव्हॅनच्या टायरवर २२१४ असा आकडा आहे, विकणाऱ्याने टायर नवेच आहेत सांगितलं होतं, खाचा खरंच खोल आहेत. हा आकडा काय असतो?

डिझेल_दादा

२०१४ सालचा २२ वा आठवडा, तेव्हा बनलाय. कॅरॅव्हॅन उभी राहते म्हणून खाचा झिजत नाहीत पण रबर म्हातारं होतं, बाजूला बारीक भेगा दिसतील बघा. या उन्हात मार्लाच्या अलीकडेच फुटेल. आज थांबलाच आहात तर टायरवाल्याकडे जा, सगळे बदला, स्टेपनीचा आकडा पण बघा, आणि हवा सकाळी गार असतानाच मोजा, तापल्यावर वाढलेली दिसली म्हणून काढू नका.