संवाद नसलेला सूडपट: धाडस की हट्ट?

रात्रपाळी: दिग्दर्शक जॉन वूचा 'सायलेंट नाइट' (२०२३) पाहिला. 'पेचेक'नंतर (२००३) वीस वर्षांनी तो अमेरिकन चित्रपटाकडे वळला. कथा नखावर मावेल एवढी. नाताळच्या आदल्या दिवशी टोळीयुद्धातली गोळी लागून लहान मुलगा जातो. बाप मारेकऱ्यांच्या मागे धावतो आणि गळ्यात गोळी खातो. तो वाचतो, पण आवाज जातो. पुढच्या २४ डिसेंबरला हिशेब चुकता करायचा, असं कॅलेंडरवर लिहून तो तयारीला लागतो. संवाद जवळपास नाहीतच. मला हा निव्वळ हट्ट वाटला. वाचा बापाची गेली, बायकोची नाही! तरी ती मोबाइलवर मेसेज पाठवते. मुलगा गमावलेली आई नवऱ्याला एकदाही काही बोलणार नाही? भांडणार तरी!

धूसर: अहो, ती बोलत नाही म्हणूनच ते घर बघवत नाही. त्या दोघांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. तोंडी संवाद दिला असता तर "तू बदललास" छापाची वाक्यं ऐकावी लागली असती. सूडपटात ती आपल्याला पाठ आहेत. आणि बाप झालेल्या जोएल किनामनचं काम बघा. खलनायकासमोर लांबलचक भाषण ठोकायची सोयच नसल्यामुळे सगळा भार डोळ्यांवर आणि खांद्यांवर.

खडूस: भार डोळ्यांवर नाही, मार्को बेल्ट्रामीच्या पार्श्वसंगीतावर आहे. जिथे रडायचं तिथे व्हायोलिन आधीच सांगून ठेवतं. शांततेवर एवढाच विश्वास होता तर ती ऐकू तरी द्यायची. शिवाय पोलिसांचा रेडिओ बोललेला चालतो, माणसं बोललेली चालत नाहीत. हा कुठला नियम?

रात्रपाळी: अगदी हेच! आपल्याकडे संवाद नसलेला 'पुष्पक' (१९८७) आहेच की. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी तिथे बोलायची गरजच पडू दिली नाही. नायक-नायिका लांबून खाणाखुणा करतात, त्यामुळे न बोलणं खटकत नाही. आणि आवाजाचा वापर बघा: शेजारच्या थिएटरच्या गोंगाटात झोपायची सवय लागलेल्या कमल हासनला आलिशान हॉटेलात झोप येईना, तर पठ्ठ्या तोच गोंगाट टेप करून आणतो. इथे असं एक तरी दृश्य दाखवा.

धूसर: दाखवतो. पहिली आमनेसामनेची मारामारी. व्हिडिओ बघून शिकलेला हा माणूस टोळीतल्या एकाला पकडून आणतो, आणि सगळी तयारी पाण्यात जाते. धडपड, झटापट, धाप. 'हार्ड बॉइल्ड'मध्ये (१९९२) गोळीबार नाचासारखा बसवणारा वू इथे नाच बसवत नाही, अनाडीपणा दाखवतो. मध्ये एक शब्द आला असता तरी ती धाप ऐकू आली नसती. 'पुष्पक' विनोदी आहे, त्याची फूटपट्टी इथे कशाला?

खडूस: ती झटापट मान्य, चित्रपटातली सर्वांत चांगली दहा मिनिटं तिच्या आसपासच आहेत. पण पुढे जिन्यावरच्या गोळीबारात हाच अनाडी एकेकाला टिपत सुटतो. तिथे संवाद असते-नसते, काय फरक पडला असता? टोळीवाल्यांना तर चेहरेच नाहीत. गोंदवलेली अंगं, गोळ्या खायला उभी. ते एकमेकांशी चार शब्द बोलले असते तर निदान माणसं वाटली असती.

धूसर: टोळीवाल्यांबद्दल तुमचं बरोबर. पण तो दोष पटकथेचा. बोलक्या सूडपटांतही गुंड असेच पुठ्ठ्याचे असतात, तिथे कोणी संवादांना दोष देत नाही.

रात्रपाळी: देतो की, मी देतो! पण तिथे निदान बायको बोलते.