ऑरोरा टीगार्डन: मुलगी नवी, आई जुनीच?

प्रश्न: गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या ऑरोरा टीगार्डनच्या टीव्ही-चित्रपट मालिकेची पूर्वकथा, म्हणजे २०२३चा ‘समथिंग न्यू’. त्यात तरुण ऑरोरा म्हणून कँडेस कॅमरॉन ब्युरेऐवजी स्कायलर सॅम्युएल्स आली, आई मात्र मॅरिलू हेनरच. वयाचा हिशेब कसा जुळायचा?

– नाहीच जुळत. पण ओळखीची आई समोर असल्यामुळेच नवी ऑरोरा पटकन पटते. सगळेच चेहरे बदलले असते तर ती वेगळीच मालिका वाटली असती.

– चेहऱ्यापेक्षा सवयी जुळवा. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ या मालिकेची पूर्वकथा असलेल्या ‘एन्डेव्हर’मध्ये शॉन इव्हान्स मूळ मोर्स साकारणाऱ्या जॉन थॉची नक्कल करत नाही; ऑपेरा, शब्दकोडी आणि तुटकपणा यांतूनच तरुण मोर्स उभा राहतो.

– मोर्स पोलीस, ऑरोरा हौशी! लोक तिच्यापाशी का बोलतात, हे सुरुवातीलाच पटायला हवं. तिला पहिल्याच प्रकरणात सराईत दाखवलं की पूर्वकथा फसते. आधी चुकीचा संशयित धरू द्या, मगच खरा धागा हाती लागू द्या.