सोयाबीन हमीभाव केंद्राला घालू की मोंढ्यात? सल्ला हवा

औसेकरीण: ३८ क्विंटल सोयाबीन घरात आहे. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, क्विंटलला ४३०० पुकारतात, २०२५-२६ चा हमीभाव ५३२८. हरभऱ्याचं बी, खत आणि मळणीवाल्याची बाकी मिळून १० दिवसांत ६० हजार लागतात. सातबारा सासूबाईंच्या नावावर आहे. काय करू?

तेरणाकाठ: ताई, केंद्रालाच घाला. क्विंटलमागं हजार रुपये सोडायचे म्हणजे घाम मातीत घालणं. मी गेल्या साली महिनाभर थांबलो, पण पूर्ण भाव घेतला.

बारदाना_नाही: महिनाभर थांबलात, पण त्यांना पैसा १० दिवसांत पाहिजे. आमच्या केंद्रावर मेसेज आला, टेम्पो भाड्यानं केला, तर तिथं बारदाना, म्हणजे पोती, संपलेला. दोन रात्री मालावर झोपलो. वर ओलावा १३ टक्के निघाला आणि माल परत. १२ च्या आत असेल तरच गाडी भरा. आधी ताडपत्रीवर दोन ऊन द्या.

तेरणाकाठ: २०२४ ला नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ओलाव्याला १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती.

बारदाना_नाही: सूट आली तोवर गरजवंतांनी माल विकला होता.

नाशिकचा_कांदा: खरेदीपेक्षा थेट अनुदान बरं. २०२३ ला कांद्याला क्विंटलला ३५०, २०० क्विंटलपर्यंत. फक्त १ फेब्रुवारी ते ३१ मार्च विकलेल्यालाच. माझी एक गाडी एप्रिलात गेली, तिचा रुपया नाही.

पांढरी_माती: मध्य प्रदेशानं २०१७ लाच भावांतर आणलं, म्हणजे हमीभाव आणि बाजारभावातला फरक शेतकऱ्याला द्यायचा. फरक ठरवतात सरासरी भावावरून. तुमचा माल त्याखाली गेला तर तेवढा खड्डा तुमचाच.

नाशिकचा_कांदा: खड्डा असू दे, हाती काही तरी पडतं.

मांजराकाठची_लेक: ताईंचा प्रश्न कुठं राहिला? ताई, बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे का विचारा, माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देतात. २० क्विंटल ठेवलं तर आजच्या भावाच्या ७५ टक्के म्हणजे ६४,५०० मिळतील. व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. भाव चढला की सोडवून विका. आम्ही दोनदा केलंय.

तेरणाकाठ: मी तेच म्हणतोय, घाई करू नका.

शिवारफेरी: ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, केली का? २०२३ च्या खरिपाला कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजार दिले, दोन हेक्टरपर्यंत. माझ्या भावाची नोंद राहिली होती, तो महिनाभर तलाठी-कृषी सहायक करत फिरला. आणि हमीभाव केंद्राचा पैसा पीक कर्जाच्या खात्यात पडला तर बँक होल्ड लावते. माझे ३० हजार असेच अडकले.

औसेकरीण: सगळ्यांचे आभार. पीक पाहणी केली आहे. पण केंद्रावर सासूबाईंचाच अंगठा मागतात आणि त्या अंथरुणाला खिळल्यात. तारणालाही त्यांचीच सही, आणि गोदाम २२ किलोमीटर. उद्या १५ क्विंटल मोंढ्यात घालते. ४ क्विंटल बियाण्याला ठेवते, उगवण तपासून. बाकीचं घरातच राहील, थंडी सरेपर्यंत.

तेरणाकाठ: घरात ठेवून वजन घटतं, ताई. फार चुकताय.

नाशिकचा_कांदा: विकलं तर पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, सासूबाईंच्याच नावानं करा. आमच्याकडं पट्टी मुलाची, सातबारा बापाचा, अशांची अनुदानाला फार ओढाताण झाली.

औसेकरीण: हे ध्यानातच नव्हतं. आडत्याकडं गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या माझ्याच नावानं झाल्यात. उद्या काटा व्हायच्या आधी नाव बदलून घेते.