मदत हवी आहे: बिनकाट्याच्या फांदीचे पराग घेतले, तरी गुलाबाची रोपं काटेरीच!

नमस्कार मंडळी,

मी गुहागरजवळ राहतो. घरामागच्या आगरात नारळ-पोफळीच्या पलीकडे उन्हाची एक पट्टी आहे, तिथे माझे सतरा गुलाब आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं झुडूप आजीने लावलेल्या गावठी गुलाबीचं. वास पडवीपर्यंत येतो. जून ते सप्टेंबर पाऊस झोडपून काढतो, तरी पानं धरून असतं. शेजारचे नर्सरीतले गुलाब श्रावण संपेपर्यंत काळ्या ठिपक्यांनी उघडे पडतात. पण काटे! फांदीवर आहेतच, पानाच्या मागच्या शिरेवरही बारीक आकडे आहेत.

आई रोज पहाटे पूजेला याचीच फुलं काढते. वय ७६, रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू. काटा टोचला की बोट फडक्यात दाबून बसून राहावं लागतं. नर्सरीतली फुलं वाहा म्हटलं तर म्हणते, "वास नाही त्याला, देवाला काय देऊ?" म्हणून ठरवलं, याच गुलाबाची कमी काट्यांची रोपं तयार करायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पांढऱ्या कलमी गुलाबाला एक फांदी निव्वळ गुळगुळीत फुटली. बोट वरून खाली फिरवा, काही लागत नाही. बाकी झाड नेहमीसारखं काटेरी. मला वाटलं, देवच पावला. गेल्या नोव्हेंबरात गावठीच्या उमलायच्या बेतातल्या कळ्या संध्याकाळी धरल्या, पाकळ्या काढल्या, चिमट्याने परागकोश खुडले आणि कागदी पिशव्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्या गुळगुळीत फांदीवरच्या फुलांचे पराग कुंचल्याने लावले. २२ फुलांत ६ बोंडं धरली, बाकीची काळी पडून गळाली. मार्चअखेर बोंडं नारिंगी झाल्यावर ४१ बिया निघाल्या. ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून आठ आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्या आणि जूनच्या सुरुवातीला पेरल्या. ९ उगवल्या, मिरगाच्या पावसात ४ रोपांनी माना टाकल्या. उरलेली पाच आता वीतभर आहेत.

पाचही काटेरी. एकाला फूल आलंय: फिकट गुलाबी, सातच पाकळ्या, पण वास आईला पसंत पडला.

माझं कुठे चुकलं? बिनकाट्याच्या फांदीचा गुण रोपात का उतरला नाही? आणि पावसात रोपं वाचवायची कशी?

प्रतिसाद

दादा, हात तुमचा चांगला आहे, ४१ बियांत ९ उगवणं वाईट नाही. चूक तुमची नाही, त्या फांदीची घडणच तशी असणार.

गुलाबाचा काटा अंगठ्याने बाजूला ढकलून पाहा, टचकन निघतो आणि खाली नुसता ओलसर हिरवा डाग राहतो. लिंबाचा काटा तसा निघत नाही, कारण तो फांदीचंच रूप आहे, लाकडात रुजलेला असतो. गुलाबाचा काटा सालीचा. वाढत्या कोंबात पेशींचे थर असतात. बदल फक्त सगळ्यात बाहेरच्या थरात झाला तर फांदी गुळगुळीत होते, पण पराग आणि बी तयार होतात त्याच्या आतल्या थरातून, आणि तिथे जुनाच काटेरी गुण बसलेला असतो. काही बिनकाट्याच्या ब्लॅकबेरींचंही असंच आहे. मुळातून नवा फुटवा आला की तो काटेरी निघतो.

तेव्हा ती फांदी बियांसाठी वापरू नका, तिचे डोळे भरा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब सालीसकट काढून दुसऱ्या गुलाबाच्या सालीत बसवा. डोळ्यातून येणारं झाड सहसा गुळगुळीतच राहतं. एखादी फांदी उलटून काटेरी निघाली तर लगेच छाटायची.

गावठीची संतती हवी असेल तर बियांतून गुण देणारं बिनकाट्याचं झाड शोधावं लागेल. आणि त्याच्याशी संकर केल्यावरही पहिल्या पिढीवर निराश होऊ नका. काटे नसण्याचा गुण एकाच जनुकाचा आणि दबका धरला, तर तो पहिल्या पिढीत लपतो. ती रोपं आपसात संकरित केली की १४ गुणसूत्रांच्या गुलाबात चारात एक बिनकाट्याचं मिळतं, २८ वाल्यात मात्र ३६ मध्ये एक. बहुतेक कलमी गुलाब २८ वाले. पाच रोपांवरून काहीच ठरत नाही, शंभराची तयारी ठेवा. बोंडं गळण्यामागेही कधी गुणसूत्रांचा हा बेमेळ असतो: १४ आणि २८ च्या संकरातून २१ वालं रोप येतं, ते बहुधा बी धरत नाही.

आता पावसाचं. मार्चमध्ये काढलेलं बी लगेच भिजवू नका. सुकं करून फ्रीजमध्ये ठेवा, ऑगस्टच्या सुरुवातीला ओल्या कागदात घाला आणि ऑक्टोबरात पेरा. आपल्याकडे थंडी पडत नाही, म्हणून फ्रीज लागतोच. पण उगवणीला पाऊस कशाला गाठायचा? परागकोशही दमट हवेत नीट फुटत नाहीत. सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिवळी पूड सुटी होते.

पुढे मागे जमलं तर कोडाईकनालचे गुलाबाचे नवे वाण तयार करणारे विरू वीरराघवन यांचे गुलाब बघा. पाणथळ जागी वाढणारा आपला भारतीय रानगुलाब, रोझा क्लायनोफायला, त्यांनी उष्ण हवेच्या गुलाबांसाठी संकरात घेतला. कोकणाला तो धागा उपयोगाचा आहे.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. काटा ढकलून पाहिला, खरंच नुसता डाग राहिला. तीन वर्षं गुलाबात हात घालतोय, पण लिंबाशी ताडून कधी पाहिलं नव्हतं.

सात पाकळ्यांचं रोप ठेवतो, त्याचीच भावंडं आपसात लावून बघतो. दरम्यान आईच्या फुलांसाठी गावठीच्या खालच्या फांद्यांचे काटे आजपासून अंगठ्याने काढायला घेतलेत, हाताच्या उंचीपर्यंत.

एकच विचारायचं राहिलं. गुळगुळीत फांदीचे डोळे पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात भरीन, पण खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर डोळा बसवायचा ते मुळांचं झाड म्हणून, आजीच्या गावठीचीच मुळावलेली फांदी घेतली तर चालेल ना? त्याची मुळं आमच्या मातीत आणि पावसात टिकलेली आहेत.